सोळावी नोंद

एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाला जोडलेल्या ‘अ’ परिशिष्टात सतरा उद्योगांची नावे आहेत. या उद्योगांची यापुढची वाढ ही केवळ शासनाची जबाबदारी राहील, असे ठराव सांगतो. शस्त्रास्त्रे, अणुऊर्जा, पोलाद, कोळसा, विमाने, रेल्वे अशी ती भारदस्त यादी आहे. तिच्यात सोळाव्या क्रमांकावर टेलिफोन, टेलिफोनच्या केबली, तारयंत्रे आणि बिनतारी यंत्रे येतात, आणि त्यांच्यापुढे कंसात एक अपवाद येतो: रेडिओचे संच वगळून. १९४८ च्या पहिल्या ठरावातही हा अपवाद होताच.

या कंसापाशी माझे मन अडते. रेडिओ खाजगी कारखान्यात बनू शकत होता आणि सातारा-सांगलीच्या पेठेत दुकानातून विकत घेता येत होता. त्यासाठी पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत हे खरे, पण संच आपला असे. टेलिफोनचे तसे नव्हते. घरात फोन आला तरी तो डबा खात्याचा, तार खात्याची, आणि आपण ‘वर्गणीदार’. बिघडला तर लाइनमन येईपर्यंत हात लावायचा नाही. दुसरा आणून जोडायचा तर प्रश्नच नाही. ठराव लिहिणाऱ्यांच्या मनात काही वाकडे होते असे मी म्हणणार नाही. रेडिओचे उत्पादक आधीपासून होते, टेलिफोनचे नव्हते, एवढेच साधे कारण असेल. पण परिणाम असा झाला की सुमारे तीन दशके या देशातल्या माणसाला सरकारचे बोलणे ऐकण्याचे यंत्र बाजारात मिळत होते, आणि एकमेकांशी बोलण्याचे यंत्र मात्र सरकारकडे अर्ज करून, वर्षानुवर्षे थांबून, भाड्याने घ्यावे लागत होते.

हा मक्ता स्वतंत्र भारताने निर्माण केला नाही. त्याचे मूळ १८८५ च्या भारतीय तार कायद्यात आहे. तारा उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा, असे त्या कायद्याचे चौथे कलम सांगते. १८५७ मध्ये तारेने आपले राज्य कसे तारले, हे त्या राज्यकर्त्यांच्या चांगले लक्षात होते. तार ज्याच्या हाती त्याच्या हाती मुलूख, हे त्यांचे गणित.

ते गणित साताऱ्याच्या लोकांनाही उमगले होते. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत या जिल्ह्यात तारा तोडल्या गेल्या, टपाल लुटले गेले, रेल्वेवर हल्ले झाले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने पुढे गावोगाव न्यायदान मंडळे चालवली, स्वतःची निरोप्यांची साखळी उभी केली. तार तोडली की तालुक्याच्या ठाण्यातला फौजदार एकटा पडतो, हे कुंडल-वाळव्याच्या पोरांना कुणी शिकवावे लागले नाही. सरकारी खांबावरची तार ही त्यांच्या दृष्टीने आपल्या शेतावरून जाणारी, पण आपल्यासाठी नसलेली गोष्ट होती.

मग स्वातंत्र्य आले. १९४९ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण सातारा पुढे १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा पाटील पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. राज्य आपले झाले, आणि १८८५ चा कायदा जसाच्या तसा आपल्या राज्याचा कायदा झाला. परक्याच्या हातातला मक्ता आपल्या हातात आला की तो लोकांचा झाला, असे त्या पिढीने मनापासून मानले. त्या श्रद्धेची मी थट्टा करू शकत नाही. किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी ज्या औंध संस्थानाच्या आधाराने उभ्या राहिल्या, त्या परिसराला राजाश्रयाचे मोल ठाऊक होते. भांडवल कमी, तंत्र परके, बाजार विखुरलेला. अशा वेळी राज्याने उभे राहायचे नाही तर कुणी?

आणि राज्य उभे राहिलेच. १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, सुरू झाली. लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीकडून तंत्र घेतले, कारखान्याभोवती दूरवाणीनगर वसले. देशात तेव्हा टेलिफोन होते ऐंशी हजारांच्या आसपास. त्या काळ्या, जड, तबकडीच्या फोनचे घडीव काम ज्यांनी हाताळले आहे त्यांना त्याचा भक्कमपणा सांगायला नको. पुढे नैनी, रायबरेली, पालक्काड, श्रीनगर येथेही कारखाने निघाले. सीमेवरच्या आणि मागास भागातल्या माणसांना कुशल काम मिळाले, हे या मक्त्याचे फळ होते, आणि त्याचा हिशेब मांडताना ते वगळणे अन्यायाचे होईल.

मक्त्याचा दोष मला एका तांत्रिक प्रसंगात फार स्पष्ट दिसतो. १९६४ मध्ये आयटीआयने बेल्जियमच्या अँटवर्प येथील कंपनीशी क्रॉसबार पद्धतीच्या एक्स्चेंजसाठी करार केला. पद्धत युरोपात उत्तम चाललेली. भारतात मात्र ती दमली. कारण युरोपातल्या एका फोनवर एक कुटुंब बोले. इथे एका फोनवर अख्खी आळी बोलत होती. फोन दुर्मीळ, म्हणून प्रत्येक लाइनवर भार प्रचंड, आणि त्या भाराचा अंदाज यंत्राच्या रचनेत धरलेलाच नव्हता. वस्तू बनवणारा एक, विकत घेणारा एक, आणि दोघेही एकाच मंत्रालयाच्या छताखाली. ज्याच्या घरी एका लाइनवर पाच घरांचे निरोप येत होते, त्याच्याशी या दोघांपैकी कुणाचाच व्यवहार नव्हता. चूक सांगायला जिथे गिऱ्हाईक जाऊ शकत नाही, तिथे चूक वर्षानुवर्षे सुखाने नांदते.

सांगलीच्या हळदीच्या बाजाराकडे पाहिले की ही टंचाई कुणाला किती महागात पडत होती ते कळते. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे न किडता राहते, ही त्या मातीची करणी. पण पेवातून माल केव्हा काढायचा, हे माती सांगत नाही. ते इरोड आणि निजामाबादचा भाव सांगतो. तो भाव ट्रंक कॉलवरून यायचा. साधा कॉल लावून दिवस जायचा, ‘अर्जंट’ला दुप्पट आणि ‘लाइटनिंग’ला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागायचे. ज्याच्या पेढीवर फोन, त्याला भाव आधी. शेतकरी सौद्याला येईपर्यंत भाव जुना झालेला असायचा. हळदीच्या वायद्यासाठी नावाजलेल्या या शहरात फोनचा डबा भरलेल्या पेवाइतका मोलाचा होता.

म्हणून मला वाटते, वर एक मोठा मक्ता असला की त्याच्या सावलीत असंख्य छोटे मक्ते वाढतात. सरकारी मक्ता हा सर्वांना समान वागवतो, असे आपण धरून चालतो. तो समान वागवतो ते कागदावर. जिथे वस्तू पुरेशी नाही, तिथे ती ओळखीने, पदाने, जादा पैशाने वाटली जाते. ‘ओ.वाय.टी.’ म्हणजे आपला फोन आपल्या पैशाने घ्या, अशी खात्याचीच योजना होती: आगाऊ मोठी रक्कम भरा आणि रांगेत पुढे या. गरिबाच्या नावाने राखलेली वस्तू अशी श्रीमंताला आधी मिळत गेली.

विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले काश्मीरपासून केरळपर्यंत पसरले आहेत. सोने-चांदी गाळण्याचा धंदा, भाव तासागणिक बदलणारा, आणि घर माणदेशाच्या कडेला. त्यांच्या घरच्यांनी ‘पी.पी. नंबर’वर किती वर्षे काढली असतील! शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा नंबर, आणि त्याच्यामागे कंसात पी.पी. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांत घरटी माणूस फौजेत. तिथे तार आली की आधी छातीत धस्स व्हायचे, कारण सुखाची बातमी तारेने पाठवण्याची ऐपत आणि सवय फारशी कुणाला नव्हती. या माणसांना टेलिफोन चैनीचा वाटत होता असे जे कुणी मानत असतील, त्यांनी ही गावे पाहिलीच नव्हती.

मक्ता मोडण्याची सुरुवात झाली ती १९८४ मध्ये. वर्गणीदाराच्या घरात बसणारी उपकरणे, म्हणजे मुख्यतः फोनचा डबा, बनवायला खाजगी क्षेत्राला मुभा मिळाली. दळणवळण खात्याचा कारभार त्या वर्षी पुण्याचे खासदार विठ्ठलराव गाडगीळ यांच्याकडे होता. जगभर हेच वारे होते. अमेरिकेत त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी एटी अँड टी या अवाढव्य कंपनीचे विभाजन अमलात आले. ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने टेलिफोन टपाल खात्यापासून वेगळा काढला आणि घरातल्या उपकरणांवरचा मक्ता सैल केला.

पण अमेरिकेची खरी गोष्ट त्याआधीची, आणि ती मला फार शिकवणारी वाटते. ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी वाटी होती. ती फोनच्या तोंडावर बसवली की बोलणे शेजारच्याला ऐकू जात नसे. टेलिफोन कंपनीने हरकत घेतली, नियामक आयोगाने कंपनीची बाजू उचलली, आणि १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. माणसाला स्वतःच्या उपयोगाचे आणि इतरांना अपाय न करणारे काही आपल्या फोनला लावायचे असेल तर त्याला अडवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. पुढे टेक्ससच्या थॉमस कार्टरने तेलक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी रेडिओ आणि टेलिफोन जोडणारे साधन बनवले. त्यालाही कंपनीने अडवले, आणि १९६८ मध्ये आयोगाने कार्टरच्या बाजूने कौल दिला. आज आपण राउटर, मोडेम, उत्तर देणारी यंत्रे बेधडक जोडतो, त्या मोकळिकीची वाट तिथून निघते.

फरक इथेच आहे. अमेरिकेत फोन मुबलक होता आणि भांडण हक्काचे होते: तारेच्या टोकाला काय लावायचे ते कुणी ठरवायचे? आपल्याकडे तारच नव्हती. आपण हक्काचा दरवाजा उघडला आणि टंचाई तशीच ठेवली. १९९१ च्या जुलैमधल्या धोरणाने राखीव उद्योगांची यादी सतरावरून आठावर आणली. टेलिफोनची सोळावी नोंद गेली. आणि मग १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने जे आकडे छापले ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. फोनचे डबे बनवण्याची देशाची वार्षिक क्षमता ८४ लाख. देशातल्या सगळ्या लाइनी मिळून सुमारे ८० लाख. प्रतीक्षायादी २५ लाखांची. ५,७६,४९० खेड्यांपैकी फोन पोचलेली खेडी १ लाख ४० हजार. म्हणजे सबंध देशाला एका वर्षात नव्याने फोन वाटता येतील एवढे कारखाने उभे होते, आणि रांग तशीच होती. पुश बटनाचे, रंगीत, नाजूक फोन दुकानात मांडलेले, पण ते लावायला भिंतीत तार नाही.

विक्रेत्यांची स्पर्धा खुली झाली होती, खरेदीदार मात्र एकच राहिला होता. एक्स्चेंज, केबल, रेडिओ यंत्रणा, सगळ्याचे गिऱ्हाईक दूरसंचार खाते. या दोन जिल्ह्यांतल्या ऊसउत्पादकाला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. ऊस पिकवायला तो मोकळा, पण झोनबंदीच्या काळात तो घालायचा ठराविक कारखान्यालाच. झोनबंदी उठली तरी दोन कारखान्यांमधल्या २५ किलोमीटर हवाई अंतराची अट राहिली, आणि शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते ती अट काढा म्हणून आजही भांडत आहेत. विकणारे हजार आणि घेणारा एक, ही मक्तेदारीच. फक्त ती उलट्या बाजूने पाहायची. दूरसंचारात या एकमेव खरेदीदाराची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या दारात मग कंपन्यांची रांग लागली. माजी दूरसंचारमंत्री सुखराम यांच्या घरांतून १९९६ मध्ये कोट्यवधींची रोकड सापडली, आणि उपकरण खरेदीच्या एका प्रकरणात २००२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. हे एका माणसाचे पाप आहेच. पण जिथे निविदेचा एक कागद शंभर कारखान्यांचे भवितव्य ठरवतो, तिथे असे पाप व्हायला जागा आपण स्वतः ठेवलेली असते.

खेड्यात फोन खरोखर नेला तो या स्पर्धेने नव्हे, असे माझे ठाम मत आहे. तो नेला ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने. सॅम पित्रोदा तिच्यामागे होते, आणि ३६ महिन्यांत ३६ कोटी रुपयांत भारतीय परिस्थितीला सोसेल असे डिजिटल एक्स्चेंज बनवायचे असा तिचा पण होता. १२८ लाइनींचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज त्यांनी आधी तयार केले. वातानुकूलन नको, उष्णता आणि धूळ सोसणारे, एका खोलीत मावणारे. त्यातले पहिले १९८६ मध्ये बसले कित्तूरला, बेळगाव जिल्ह्यात, सांगलीहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. अँटवर्पहून आणलेल्या यंत्राने आपल्या आळीचा भार गृहीत धरला नव्हता; या यंत्राने तो आधी मोजला होता.

आणि खरी मोकळीक त्यापुढची आहे. सी-डॉटने आपली रचना कुलुपात ठेवली नाही. सरकारी आणि खाजगी, अनेक कारखान्यांना ती परवान्याने बनवायला दिली. कारखाने अनेक, पण ज्ञान एक आणि सामाईक. १९८४ मध्ये एकाच वर्षी आपण दोन गोष्टी केल्या, आणि इतिहासात बहुतेक वेळा पहिलीच सांगितली जाते. डबा खाजगी केला, ही एक. यंत्राचे ज्ञान सार्वजनिक केले, ही दुसरी. माझ्या मते बाजार उघडण्याचे खरे काम दुसरीने केले. ज्ञान बंद ठेवून फक्त दुकाने वाढवली तर एका मक्त्याचे तीन मक्ते होतात, एवढेच. आज मोबाइलचे टॉवर कुणाच्या यंत्रांवर चालतात ते पाहिले की जगातल्या चार-पाच कंपन्यांची नावे पुरतात. बीएसएनएलने आपले फोर-जी जाळे टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांच्या देशी यंत्रणेवर उभारायचे ठरवले, तेव्हा उशीर झाला म्हणून पुष्कळ टीका झाली. टीका खरी आहे, ग्राहक तोवर निघून गेले होते. तरीही तो निर्णय मला योग्य वाटतो.

नव्वदीच्या दशकात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले आणि अपंगांना, माजी सैनिकांना ते देताना प्राधान्य मिळाले. फौजेतून परतलेला माणूस एसटी स्टँडजवळच्या खोपट्यात मीटरकडे डोळे लावून बसलेला, आणि बाहेर रात्री स्वस्त दर लागण्याची वाट पाहणारी माणसे, हे चित्र कराड, विटा, तासगाव, फलटण, कुठेही दिसे. पी.पी. नंबर त्या काळात हळूहळू गेले. या खात्याच्या इतिहासात सामान्य माणसाला मिळालेले इतके थेट सुख मला दुसरे आठवत नाही, आणि ते मिळाले तेव्हा तार सरकारचीच होती.

आयटीआयचे काय झाले? स्पर्धेत ती टिकली नाही. सरकारी कंपन्यांच्या मागणीतला काही हिस्सा तिच्यासाठी राखून ठेवण्यात आला, आणि त्या राखीव हिश्श्यावर ती तगली. ज्या कामगारांनी देशातला पहिला स्वदेशी फोन जोडला, त्यांच्या मुलांना त्या दारातून आत जाता आले नाही. बाजार उघडा झाला पाहिजे असे मी मानतो, आणि उघडताना या माणसांना दुसरे कौशल्य द्यायला हवे होते, वेळ द्यायला हवा होता, असेही मानतो. मक्ता सरकारने दिला, काढला सरकारने. मधल्या चाळीस वर्षांत ज्यांनी आयुष्य त्याच्या भरवशावर बेतले, त्यांच्याशी झालेला करार कुठल्याही परिशिष्टात लिहिलेला नव्हता.

आता फोन ज्याचा त्याचा आहे. कांदाटीच्या खोऱ्यासारख्या ठिकाणी रेंजसाठी टेकाडावर चढण्याची पाळी आली असली, तरी हातातला संच स्वतःच्या पैशाचा आणि स्वतःच्या पसंतीचा. आणि तरीही १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, तेव्हा सातारा जिल्ह्यातली इंटरनेट सेवा सरकारी आदेशाने बंद झाली. अफवा पसरू नयेत हा हेतू होता, आणि अशा रात्री तो हेतू हलका मानता येत नाही. पण सेवा बंद झाली ती पुसेसावळीपासून शंभर किलोमीटर दूर असलेल्या महाबळेश्वरातही. भाजीवाल्याचे पैसे अडकले, घरच्यांची खुशाली विचारणे अडले, आणि अफवेला उत्तर देणारी खरी बातमीही अडली.

त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने नवा दूरसंचार कायदा केला आणि १८८५ च्या तार कायद्याची जागा त्याने घेतली. जाळे उभारायला सरकारची परवानगी लागणे त्यात कायम आहे, आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी सेवा थांबवण्याचा अधिकारही. उपकरणांचा बाजार पूर्ण खुला झाल्यावर मागे उरलेला हा अधिकार कुणी, किती काळ, किती मोठ्या भूभागावर वापरावा आणि त्याची कारणे कुठे जाहीर करावीत, याची चर्चा आता सातारा-सांगलीच्या बाजार समित्यांत, ग्रामसभांत आणि वकिलांच्या खोल्यांत व्हायला हवी. लाइनमनची वाट पाहणाऱ्या पिढीला हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. तिचा सगळा वेळ रांगेत गेला.